मापाने बनवून घेतलेली टूरिंग सायकल: आठ महिने, ३,४०० किलोमीटर आणि परताव्याचा पाठपुरावा

आधी थोडक्यात माहिती. ४१३० क्रोमोलीची (मिश्र पोलादाची) फ्रेम, टिग वेल्डिंग, पावडर कोटिंग, ७०० बाय ३५ टायर, व्ही-ब्रेक, मागे १३५ मिमीचा क्विक रिलीज हब, तीन बाय नऊ गिअर. फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि रंग मिळून ३८,५०० रुपये, पार्ट आणि जोडणीसह बिल ७१,२००. निम्मे पैसे ऑर्डर देताना, निम्मे माल निघताना. लातूरला खोक्यातून ट्रान्सपोर्टने आली. बनवणाऱ्याचं नाव इथे देत नाही. दोष कसा ओळखायचा आणि पैसे कसे मागायचे, हे जास्त कामाचं आहे.

दोष एकच: फ्रेमचा मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणाऱ्या नळ्या) सुमारे ४ मिमी डावीकडे गेलेला आहे. बाकी सगळं चांगलं असूनही या चार मिलिमीटरनी सायकल वाया घालवली.

चांगलं काय ते सांगायलाच हवं. माप अचूक आहे. पायाचं आतलं माप ८९ सेंमी, त्याला ०.८८३ ने गुणलं की बीबीच्या (पेडलचा आस फिरतो त्या बेअरिंगच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७८.६ सेंमी उंची येते, आणि या फ्रेमवर ती सीटपोस्ट जास्त वर न काढता मिळते. हँडलपर्यंतचं अंतर ड्रॉइंगप्रमाणे आहे. पाय लांब आणि धड आखूड असेल तर दुकानातल्या तयार सायकलीत हे जमत नाही, म्हणूनच कस्टमचे जादा पैसे मोजायचे. चाकांबद्दल तर तक्रारच नाही. ३६ आऱ्यांची हाताने बांधलेली चाकं ३,४०० किलोमीटरमध्ये एकदाही आउट काढावी लागली नाहीत, आणि त्यात रेणापूर ते अंबाजोगाई रस्त्याचे खड्डेही आले.

दुसऱ्या महिन्यात चढावर मागच्या मोठ्या दातांवर चेन कुरकुरू लागली. तेव्हा मत असं झालं की बीबी सैल आहे. बीबी काढून धागे साफ केले, ग्रीस लावून पुन्हा कसली. (उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, नेहमीसारखा फिरवला तर अजून घट्ट बसतो.) आवाज तसाच राहिला. मग पेडल, मग चेनरिंगचे बोल्ट. १,९०० किलोमीटरला चेन गेजवर ०.७५ टक्के झीज दिसली, म्हणजे चेन बदलायला आली. आपल्याकडची धूळ धरूनसुद्धा नऊ स्पीडची चेन ३,००० सहज जायला हवी. त्याच सुमारास व्ही-ब्रेकचा एक हात सरळ उभा आणि दुसरा बाहेर झुकलेला दिसला, आणि स्प्रिंगचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही दोन्ही सारखे होईनात. तिथून संशय चाकावर गेला. तोही चुकीचा निघाला.

चाक दोषी की फ्रेम, हे पाच मिनिटांत कळतं. सायकल उलटी उभी करा, ब्रेक मोकळा करा, चेन बाजूला घ्या. रिमपासून डाव्या-उजव्या चेनस्टेपर्यंतचं (बीबीपासून मागच्या एक्सलकडे जाणारी नळी) अंतर मोजा. टायरपासून मोजू नका, टायर वाकडा बसलेला असू शकतो. मग चाक काढून डावी-उजवी बाजू पालटून बसवा आणि एक्सल दोन्ही खाचांत तळापर्यंत टेकल्याची खात्री करून परत मोजा. कमी-जास्त अंतराची बाजू बदलली तर चाक एका बाजूला ओढून बांधलंय, ते आऱ्या कमी-जास्त कसून दुरुस्त होतं. बाजू बदलली नाही तर दोष फ्रेमचा. इथे आधी डावीकडे १० आणि उजवीकडे १६ मिमी होतं. चाक पालटल्यावरही डावीकडे १० आणि उजवीकडे १६.

यानंतर दोरीची तपासणी. गवंड्याकडे असते ती नायलॉनची लाइनदोरी घ्या. सुतळी नको, ती ताणते आणि जाडही असते. मागचं चाक काढून दोरीचं एक टोक डाव्या ड्रॉपआउटला (एक्सल बसतो ती खाच) बांधा, दोरी पुढे नेऊन हेड ट्यूबला (हँडलखालची पुढची नळी) वळसा द्या आणि परत आणून उजव्या ड्रॉपआउटला त्याच उंचीवर, त्याच जागी बांधा. दोरी तारेसारखी ताठ हवी आणि वाटेत केबलच्या गाइडला किंवा बाटलीच्या स्टँडला टेकता कामा नये. आता दोरीपासून सीट ट्यूबपर्यंतचं (सीटखालची उभी नळी) अंतर दोन्ही बाजूंनी व्हर्निअरने मोजा. सरळ फ्रेममध्ये ते सारखं येतं. एक-दीड मिलिमीटरचा फरक हाताच्या कामात चालून जातो. इथे डावीकडे ३४.५ आणि उजवीकडे २९.५ आलं. हा ५ मिमीचा फरक सीट ट्यूबजवळचा आहे, मागे एक्सलच्या जागी सरकणं साधारण ४ मिमी भरतं. तीन वेळा दोरी सोडून पुन्हा बांधली तरी आकडा अर्ध्या मिलिमीटरपलीकडे हलला नाही.

एवढ्याशा फरकाने काय होतं, असं पुष्कळांना वाटेल. मागचं चाक डावीकडे गेलं की कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) तेवढीच डावीकडे जाते. म्हणजे सर्वांत मोठे दाते, जे चढावर लागतात, ते पुढच्या चेनरिंगपासून आणखी आडवे होतात. चेन तिरकी चालते, कुरकुरते, लवकर झिजते आणि कॅसेटला खाते. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत धावत नाही, त्यामुळे हात सोडले की सायकल एका बाजूला ओढते. डावीकडे टायर आणि चेनस्टे यांच्यात फक्त ४ मिमी जागा उरते. पावसाळ्यात औसा-निलंगा भागातल्या एखाद्या पांदणीत शिरून पाहा. काळी माती टायरला धरते, त्या फटीत दाबून बसते आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. उजवीकडे १० मिमीची जागा मोकळी, आणि डावीकडे काडीने चिखल उकरत बसायचं. याचा राग त्या कुरकुरीपेक्षा जास्त आहे.

असं होतं वेल्डिंगमुळे. टिगच्या उष्णतेने धातू आधी फुगतो आणि थंड होताना आकसतो. एका बाजूचा सांधा सलग पूर्ण केला तर नळी त्या बाजूला ओढली जाते. म्हणून आधी जिगमध्ये (नळ्या जागेवर पकडून ठेवणारा साचा) टाके मारून घ्यायचे, मग डावं-उजवं आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड करायचं, जिगमध्येच थंड होऊ द्यायचं, आणि शेवटी मोजून लागेल तसं वाकवून सरळ करायचं. हे सगळं रंगाच्या आधी करायचं काम आहे. चांगल्या कारागिराच्या हातूनही फ्रेम ओढली जाऊ शकते. पण न मोजता रंगाला पाठवणं, हा निष्काळजीपणा आहे.

स्टीलची फ्रेम थंड अवस्थेत वाकवून सरळ करता येते (ॲल्युमिनिअम आणि कार्बनला हा उपाय नाही), म्हणून पहिली मागणी पैशांची नव्हती, दुरुस्तीची होती. पाचव्या महिन्यात फ्रेम परत पाठवली. महिन्याभराने आली तेव्हा पुन्हा दोरी लावली: डावीकडे ३४.५, उजवीकडे ३१. म्हणजे फक्त उजवा स्टे बाहेर ओढला, डाव्याला हातच लावला नाही. खाचांमधलं अंतर १३५ चं १३८ झालं. आता क्विक रिलीज आवळला की दोन्ही ड्रॉपआउट आत खेचले जातात आणि एकमेकांना समांतर राहत नाहीत. एक्सलवर तिरका ताण येतो, तो वाकतो, कोन आणि छर्रे खराब होतात. नीट काम असं असतं: उजवा स्टे जेवढा बाहेर, तेवढाच डावा आत, दर वेळी दोरी आणि अंतर दोन्ही मोजायचं, आणि शेवटी ड्रॉपआउटच्या गेजने दोन्ही खाचा समोरासमोर आणायच्या. शिवाय ब्रिजजवळ (दोन्ही स्टे जोडणारी आडवी नळी) पावडर कोटिंगला केसासारखी चीर पडली होती. पावसाचं पाणी तिथून आत जाऊन गंज धरणार हे उघड आहे.

तोवर मत असं होतं की छोटा बिल्डर आहे, सांभाळून घ्यावं. १३८ चा आकडा पाहिल्यावर ते बदललं. आता फ्रेम नको, पैसे हवे.

इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. फ्रेम गावातल्या वेल्डरकडे किंवा गॅरेजवाल्याकडे वाकवायला नेऊ नका. पाइप घालून दोन मिनिटांत सरळ करून देतो म्हणणारे भेटतात. पण एकदा तिसऱ्याचा हात लागला की दोष कोणाचा हे सिद्ध करता येत नाही. गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तेव्हा ती आहे तशी असावी लागते. पैसे मागितल्यानंतर सायकल चालवणंही बंद करा.

मागणी फोनवर करू नका, ईमेलवर करा. व्हर्निअरचा आकडा वाचता येईल असे फोटो, दोरी लावलेल्या फ्रेमचा वरून काढलेला फोटो, चाक पालटण्याचा विनाखंड व्हिडिओ, बिल, ड्रॉइंग, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, हे सगळं एकाच मेलमध्ये. पहिलं उत्तर आलं, “टॉलरन्समध्ये आहे,” म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या आत. त्यावर एकच विचारायचं: टॉलरन्स किती मिलिमीटर, ते लेखी द्या. आकडा आलाच नाही. दुसरं उत्तर, “कस्टम माल परत घेत नाही.”

हे उत्तर ऐकून बरेच जण गप्प बसतात, म्हणून नीट सांगतो. रंग आवडला नाही, मन बदललं, अशा कारणाने मापाची वस्तू परत करता येणार नाही, आणि ते रास्तही आहे. दोषाचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(४७) खाली सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. माल परत घेऊन पैसे द्यायची मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, नसेल तर ३० दिवस. मापाने बनवलेल्या वस्तूला त्यातून सूट दिलेली नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, लातूरच्या माणसाला विकणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी नोंद करा, पण तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, ती फक्त मध्यस्थी करते. तिच्या भरवशावर महिने घालवू नका.

हेल्पलाइनच्या नोंदीनंतर अर्ध्या पैशांची तयारी दाखवली गेली. ती नाकारून तक्रारीचा पूर्ण मसुदा, कलमं आणि जोडपत्रांसह, मेल केला आणि १५ दिवस दिले. बाराव्या दिवशी फ्रेम-चिमट्याचे ३८,५०० द्यायचं लेखी मान्य झालं. दोन हप्त्यांत आले. “पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली” अशा कागदावर सही पहिल्या हप्त्यालाच मागितली होती, ती दिली नाही. दुसरा हप्ता खात्यात जमा झाल्यावर सही केली आणि मगच फ्रेम ट्रान्सपोर्टला दिली. पाठवताना मागच्या खाचांत जुना हब किंवा डमी एक्सल कसा, नाहीतर वाटेत स्टे दाबले जातात आणि वाकडेपणा वाहतुकीत आला असं म्हणायला जागा मिळते.

ट्रान्सपोर्टचे १,६०० आणि अकाली गेलेल्या चेन-कॅसेटचे पैसे मिळाले नाहीत. कायद्याने तेही मागता आले असते, पण तेवढ्यासाठी आयोगात जायचं नाही असं ठरवलं. ते पैसे आजही डोळ्यांपुढे आहेत.

नव्याने ऑर्डर देणाऱ्याने ड्रॉइंगवरच हे लिहून घ्यावं: दोरीच्या तपासणीत फरक जास्तीत जास्त २ मिमी, मागचं अंतर १३५ ला अर्धा मिलिमीटर कमी-जास्त, बीबी शेलची (बीबी बसते त्या नळीची) तोंडं मशीनवर समपातळीत केलेली, आणि रंगाच्या आधी दोरी लावलेल्या फ्रेमचा फोटो. दुसरा हप्ता त्या फोटोनंतरच द्यायचा. जो बिल्डर हे चार मुद्दे ऐकून कुरबूर करेल त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

पार्ट सगळे जवळच ठेवले, कारण ते मापाचे नव्हते: ६८ मिमीची बीएसए बीबी, २७.२ ची सीटपोस्ट, १३५ चा हब. हीच तीन मापं जुळणारी एक साधी तयार स्टीलची फ्रेम लातुरातच ९,८०० ला मिळाली. वरची नळी दीड सेंमीने लांब आहे, ती कसर आखूड स्टेमने (हँडल धरणारा दांडा) भरून काढली. पैसे देण्याआधी दुकानाच्या ओट्यावर लाइनदोरी बांधली: डावीकडे ३१.५, उजवीकडे ३२.