अ‍ॅक्शनपटांचा दिग्दर्शक व्हायचंय: स्टंटच्या वाटेने की सहाय्यकाच्या?

इंदूरच्या मराठी घरातलं पोरगं अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठतं, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात.

सहाय्यक दिग्दर्शकाची वाट लांबची. रोहित शेट्टी 1991 च्या 'फूल और काँटे'ला सहाय्यक होते; दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'जमीन' आला 2003 मध्ये. या वाटेवर कॉल शीट म्हणजे दिवसाच्या चित्रीकरणाचं वेळापत्रक, पटकथेची दृश्यवार फोड आणि कंटिन्युइटी म्हणजे शॉटमागून शॉट जुळता ठेवणं शिकता येतं. नायकाच्या कपाळावरची जखम पुढच्या शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे गेली, तर बोलणी सहाय्यकालाच बसतात.

दुसरी वाट स्टंटची. चॅड स्टाहेल्स्की 'द मेट्रिक्स'मध्ये कियानू रीव्हजचे स्टंट डबल, म्हणजे त्याच्या जागी धोक्याची दृश्यं करणारे, होते. 2014 मध्ये त्याच नटाला घेऊन त्यांनी 'जॉन विक' दिग्दर्शित केला. मध्य प्रदेशचा राज्यखेळ मल्लखांब. तो अंगात मुरलेल्या पोराला पडणं आणि तोल सावरणं वेगळं शिकवावं लागत नाही. पण कॅमेरा शिकावाच लागतो. ठोसा बाजूने टिपला की मूठ आणि जबडा यांच्यातली वीतभर फट उघडी पडते. म्हणून कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवायचा आणि मूठ त्याच्या चेहऱ्यासमोरून आडवी न्यायची. मान आधी वळली तर ठोसा खोटा वाटतो, उशिरा वळली तरी तेच. आवाज नंतर भरतात.

आमचा कौल स्टंटकडे, कारण मारामारी कुठे कापायची हे ती खेळलेल्याला नेमकं कळतं. मात्र गुडघे फार वर्षं साथ देत नाहीत. संकलकाशेजारी बसायला पहिल्या वर्षापासूनच लागावं.