डीएचआयएस-२: एकच लाभार्थी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून कितपत कामाचं?

आरोग्याची आकडेवारी गोळा करून अहवाल काढणारं, ओस्लो विद्यापीठातून विकसित होणारं हे सॉफ्टवेअर खुलं (ओपन सोर्स) आहे, फुकट आहे आणि अनेक देशांची आरोग्य खाती, शिवाय त्यांना निधी देणाऱ्या संस्था ते वापरतात. इथे त्याची एकच बाजू तपासली आहे: निधीदात्याला जाणाऱ्या आकड्यात तोच माणूस पुन्हा धरला जाणं यात रोखता येतं का? येतं. पण काही न ठरवता नुसतं बसवलं, तर ते इमानेइतबारे बेरीज करत राहतं आणि गोंधळ बहुतेक वेळा त्या बेरजेतच असतो.

‘सध्या उपचारावर असलेले रुग्ण’ हा आकडा (सॉफ्टवेअरच्या भाषेत ‘डेटा एलिमेंट’) घ्या. एका आरोग्य केंद्राने जानेवारीत ४००, फेब्रुवारीत ४१० आणि मार्चमध्ये ४०५ भरले. डेटा एलिमेंटचा अ‍ॅग्रिगेशन प्रकार, म्हणजे आकडे एकत्र करण्याची रीत, ‘सम’ (बेरीज) ठेवला असेल तर तिमाहीत १२१५ दिसतात. इथे ‘लास्ट व्हॅल्यू (सम इन ऑर्ग युनिट)’ हवं; म्हणजे काळात शेवटचा आकडा आणि केंद्राकेंद्रांची (‘ऑर्ग युनिट’ म्हणजे केंद्र) बेरीज. यातही एक खोच आहे. साधी ‘लास्ट व्हॅल्यू’ निवडलेल्या काळात आकडा सापडला नाही तर मागे जाऊन शोधते. बंद पडलेल्या केंद्राचे रुग्ण त्यामुळे अहवालात जिवंतच राहतात, आणि ते दुसऱ्या केंद्राकडे वर्ग झाले असतील तर दोन्हीकडे मोजले जातात. ‘लास्ट व्हॅल्यू इन पीरियड’ हा पर्याय त्याच काळापुरता पाहतो. केंद्रं उघडत-मिटत असतील तर तोच बरा. मात्र ज्या केंद्राचा अहवाल आलाच नाही, त्याचा आकडा मग कोरा राहणार हे धरून चालायचं.

व्यक्तीनिहाय नोंदी ठेवणारा ‘ट्रॅकर’ हा खरा उपाय, असं सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. एका गरोदर बाईच्या ४ तपासण्या झाल्या, तर प्रोग्रॅम इंडिकेटरमध्ये (नोंदींवरून आकडा काढणाऱ्या सूत्रात) ‘इव्हेंट काउंट’, म्हणजे भेटींची मोजणी, घेतल्यावर ४ येतात आणि ‘टीईआय काउंट’, म्हणजे व्यक्तींची मोजणी, घेतल्यावर १. इंडिकेटरच्या नावात मात्र ‘लाभार्थी महिला’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आत काय मोजलंय ते कुणी उघडून पाहत नाही. शिवाय ट्रॅकरमधून दरमहा काढलेले आकडे मासिक अहवालात ढकलून मग तिमाहीला त्यांची बेरीज केली, की दर महिन्याला आलेली बाई पुन्हा तीनदा मोजली जाते. तिमाहीचा आकडा थेट ट्रॅकरलाच विचारायचा.

सर्वात कमकुवत जागा म्हणजे नोंदणी. सासरच्या उपकेंद्रात नाव घातलेली बाई बाळंतपणाला माहेरी जाते आणि तिथे दुसरी नोंद होते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचंही तेच: बीडला एक नोंद, कारखान्याच्या तळावर दुसरी. ओळख क्रमांक ‘युनिक’ करताना त्याची व्याप्ती ‘संपूर्ण सिस्टम’ ठेवावी; ‘ऑर्ग युनिट’पुरती ठेवली तर तोच क्रमांक दुसऱ्या केंद्रात निमूट स्वीकारला जातो. नावावर विसंबू नये. ‘सुनीता’ नावाने नोंदलेली बाई ‘सुनिता’ टाकून सापडत नाही, आणि माहेरचं-सासरचं आडनाव वेगळं पडतं ते निराळंच. जन्मवर्ष आणि मोबाइल शोधाच्या रकान्यांत घ्या, पण घरात एकच फोन असतो हेही लक्षात असू द्या. रेंज नसलेल्या गावात मोबाइल अ‍ॅप फक्त फोनवर उतरवलेल्या नोंदींतच शोधतं, त्यामुळे शिबिराच्या दिवशी हटकून दुबार नोंदी होतात.

या दुबार नोंदी मागाहून निस्तरणं हा या सॉफ्टवेअरचा मोठा उणेपणा. संशयित जोडीवर खूण करता येते, एपीआयमधून (प्रोग्रॅमर वापरतात त्या जोडणीतून) दोन नोंदी एकत्रही करता येतात. पण दोन्ही नोंदी एकाच प्रोग्रॅममध्ये (उदा. गरोदरपणातल्या तपासण्या) दाखल असतील तर एकत्रीकरण नाकारलं जातं. म्हणजे जिथे गरज जास्त, तिथेच हात आखडता!

एकाच केंद्राला दोन संस्था मदत करत असतील तर प्रश्न वेगळा. ‘अ’ संस्था १२० रुग्ण दाखवते, ‘ब’ ९०, आणि त्यांतले ७० दोघींचे सामाईक आहेत. संस्था ही कॅटेगरी (आकड्याचं वर्गीकरण) म्हणून जोडली असेल तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी साठतात आणि एकूण २१० होतात. खरे रुग्ण १४०. अमेरिकेच्या पेपफार या एचआयव्ही-एड्सविरोधी निधी कार्यक्रमाने डीएचआयएस-२वर उभारलेल्या डेटिम प्रणालीत यावर उत्तर होतं: मूळ आकड्यांना हात न लावता दुरुस्तीची वेगळी ऋण नोंद. ‘मॅक्स’ (फक्त मोठा आकडा धरणं) निवडलं तर −९०, म्हणजे १२० उरतात; यादी ताडून स्वतःचा आकडा घातला तर −७०. ‘मॅक्स’ सोयीचं, पण इथे २० रुग्ण गायब करतं. ही युक्ती आपल्याकडे करायची तर डेटा एलिमेंटचा प्रकार ‘इंटिजर’ (ऋण-धन कुठलाही पूर्णांक) लागतो; ‘पॉझिटिव्ह ऑर झिरो’ असेल तर ऋण आकडा घेतलाच जात नाही.

‘डेटा इंटिग्रिटी’ ही सॉफ्टवेअरमधलीच तपासणी तिमाही बंद करण्याआधी चालवाच. एकच केंद्र एका ग्रुप सेटमधल्या (केंद्रांच्या वर्गीकरणातल्या) दोन गटांत बसलंय का, हे ती सांगते. दुरुस्तीनंतर अ‍ॅनालिटिक्स टेबल्स (अहवाल ज्यांतून निघतात ते तक्ते) पुन्हा तयार करायला विसरलात तर जुनाच आकडा दिसत राहील.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट नाही. एकच प्रकल्प आणि चार-पाच केंद्रं असलेल्या संस्थेला एकसलग क्रमांकांचं रजिस्टर आणि एक एक्सेल शीट पुरेल; दुसरा निधीदाता त्याच केंद्रांवर आला, की मग याचा विचार करा.