परसातली पिझ्झा भट्टी: फायर ब्रिक, लाल वीट की माती?

घुमटाला कोणती वीट वापरायची हे बहुतेक जण आधी विचारतात. मराठवाड्यात त्याआधी पाहावं लागतं ते खालची जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि ओट्यासकट विटेच्या भट्टीचं वजन दोन टनांच्या वर जातं. असं ओझं काळ्या मातीवर नुसत्या चार इंची काँक्रीटवर ठेवलं, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच घुमट उभा चिरतो आणि दोष विटेला दिला जातो.

म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं. काळी माती फारच खोल असेल तर निदान दोन-अडीच फूट काढून टाकावी आणि मुरमाचे अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर पाणी मारून, धुम्मस करून भरावेत. वर १० सेंमी काँक्रीट, त्यात ८ मिमीची सळई १५ सेंमी अंतराने दोन्ही बाजूंनी. जागा माळरानाची असेल, वीतभर खाली मुरूमच लागत असेल, तर हे काम अर्ध्या दिवसाचं.

खालची सगळी मापं आतून ९० सेंमी व्यासाच्या घुमटासाठी आहेत. घरच्या वापराला हा आकार पुरतो.

फायर ब्रिक

ही भट्टीची आच सोसणारी वीट. नेहमीचं माप २३० × ११५ × ७५ मिमी, वजन चार किलोच्या आसपास. तळ, घुमट आणि दाराची कमान मिळून तूटफूट धरून सव्वाशे ते दीडशे विटा लागतात. ‘मॉडरेट हीट ड्यूटी’ (मध्यम आचेची) म्हणजे भारतीय मानक आयएस ६ ची वीट पुरे. आयएस ८ ची महाग वीट स्टीलच्या भट्टीला लागते. आपलं काम ४५० अंशांच्या आसपास चालतं, जाळाच्या थेट वर थोडं जास्त. चौकशी जालन्यातून सुरू करावी, कारण तिथे स्टीलच्या भट्ट्या आहेत. जुन्या विटा स्वस्त मिळतात, पण धातूची मळी चिकटलेल्या किंवा काळ्या, हाताला जड लागणाऱ्या मॅग्नेसाइटच्या विटा अन्नाच्या भट्टीला नकोतच.

वीट मधोमध कापून अर्धुक उभ्या तोंडाने लावायचं, म्हणजे भिंत ११५ मिमी जाड होते. असे साधारण नऊ थर येतात. तळाच्या मध्यबिंदूला खिळा मारून ४५ सेंमीची पट्टी फिरती ठेवावी आणि प्रत्येक विटेची आतली कड तिला टेकवावी. आतल्या बाजूला सांधा २-३ मिमी, बाहेर आपोआप पाचर उघडते, तिच्यात माल ठासायचा. पाचव्या थरानंतर विटा घसरू लागतात. तिथून वर आतमध्ये ओल्या वाळूचा ढीग किंवा सेंट्रिंग लागतं.

मालाचं प्रमाण ३ भाग बारीक चाळलेली वाळू आणि सिमेंट, विरलेला चुना, फायर क्ले (आच सोसणारी माती) प्रत्येकी १ भाग. सिमेंट आचेने हळूहळू निकामी होतं, पण तोवर उभारणी धरून ठेवतं. पुढे काम चुना आणि फायर क्ले करतात. नुसत्या सिमेंट-वाळूत बांधलेला घुमट थोड्याच जाळांत सांध्यातून पीठ सोडू लागतो. विटा लावण्याआधी पाण्यात बुडवाव्यात, नाहीतर त्या मालातलं पाणी शोषून घेतात.

लाल वीट

गावातल्या वीटभट्टीवर मिळते आणि गवंड्याच्या हातची असते. खर्च फायर ब्रिकच्या अगदी थोड्या भागात होतो. मुख्य अडचण मातीत आहे. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. विटेबरोबर ते भाजले जातात, त्यांचा कळीचा चुना होतो, आणि पुढे ओल लागली की ते फुगून विटेचा टवका उडवतात. परीक्षा सोपी आहे: आठ-दहा विटा दिवसभर पाण्यात ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पांढरा ठिपका आणि भोवती उडालेला टवका दिसला, तर ती गाडी परत पाठवावी. दोन विटा एकमेकींवर वाजवून आवाज खणखणीत येतो का तेही पाहावं. फिकट पिवळसर वीट कच्ची असते. वितळून वाकडी झालेली खंगर वीट मालाला धरत नाही आणि गरम-गार होताना तडकते.

चांगली लाल वीटही जाळ लागतो त्या मागच्या बाजूला काही वर्षांनी पापुद्रे टाकते. घुमटात ते चालतं. तळाला मात्र लाल वीट नकोच: ती झिजते आणि भुगा पिझ्झ्याला चिकटतो. घुमट लाल विटेचा आणि तळ फायर ब्रिकचा, हा मेळ आम्हाला सगळ्यांत पटतो. तळाला ४० ते ४५ विटाच लागतात.

परळीकडच्या राखेच्या विटा ओट्याच्या भिंतींना उत्तम, पण जाळाजवळ नको, त्यांची पकड आचेने सुटते. शहाबादी फरशीही तळाला नको. दिसते छान, पण थरांची असल्यामुळे तापल्यावर पापुद्रे उडवते.

माती

सगळ्यांत स्वस्त, आणि बांधायला गवंडी लागत नाही. काळी माती इथेही बाद, वाळताना ती तडकून उघडते. कुंभाराकडची चिकणमाती किंवा जुन्या गढीची पांढरी माती घ्यावी. एक भाग मातीला दोन ते तीन भाग वाळू. नेमकं किती, ते मातीवर ठरतं. वेगवेगळ्या प्रमाणांचे तीन गोळे करून सावलीत वाळवावेत आणि ज्याला भेग नाही ते प्रमाण धरावं.

ओल्या वाळूचा अर्धगोल (सुमारे ७ घनफूट) रचून त्यावर ओले वर्तमानपत्र चिकटवायचं आणि वर १० सेंमी मातीचा थर हाताने दाबत चढवायचा. माती साडेपाच-सहा घनफूट लागते. माती घट्ट झाली की दार कापून वाळू ओढून काढायची. कागद दिसला की थांबायचं. बाहेरून भुसा मिसळलेल्या मातीचा दुसरा थर देता येतो, तो उष्णता अडवतो.

वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं. मे महिन्यात बाहेरचा थर आतल्याच्या आधी सुकतो आणि चिरा पडतात, गोणपाट ओलं ठेवूनच बांधावं लागतं. वर पत्रे नसतील तर मातीची भट्टी जून-जुलैत संपली समजा.

तिन्हींत जे चुकतं

दाराची उंची. घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्के, म्हणजे ४५ सेंमीला २८ सेंमी. हात नीट जावा म्हणून दार वाढवलं की उष्णता बाहेर आणि पीठ कच्चं. दुसरी चूक धुराड्याची. सवयीने ते घुमटाच्या माथ्याला काढलं जातं. ते दाराच्या बाहेर, कमानीवर हवं, १५० मिमी पाइप. धूर घुमटाला वळसा घालून पुढे आला तरच माथा तापतो.

तळाखाली पर्लाइट (उष्णता अडवणारे हलके दाणे) आणि सिमेंट ५:१ चा १० सेंमी थर आणि विटेच्या घुमटावर २५ मिमी सिरॅमिक ब्लँकेटचे (आच सोसणाऱ्या तंतूंच्या गादीचे) दोन थर. ब्लँकेट हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच. हा खर्च वाचवला तर फायर ब्रिकचे पैसेही वाया जातात: दीड-दोन तासांत तापणाऱ्या भट्टीला तीन तास लागतात आणि बाभळीची लाकडं दीडपट जळतात.

नवीन भट्टी पाच-सहा दिवस वाळवायची. पहिल्या दिवशी तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा १०० अंशांचा मंद जाळ, रोज ५० अंश चढता. घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होऊन मोठ्या चिरा जातात. केसाएवढ्या चिरा सगळ्याच घुमटांना पडतात, त्यांची चिंता नको.

कोणी काय घ्यावं

दर आठवड्याला पेटणार असेल, पाव-बिस्किटंही करायची असतील, तर फायर ब्रिक. महिन्यातून एक-दोनदा असेल तर लाल विटेचा घुमट आणि फायर ब्रिकचा तळ. वर्षातून चार वेळा, किंवा आपण भट्टी खरंच वापरू का हेच ठरत नसेल, तर माती.

मातीपासून सुरुवात करणाऱ्यांनीही ओटा विटेच्या घुमटाच्या मापाने बांधावा: रुंदी १४० सेंमी, खोली १७० सेंमी. तळाच्या फायर ब्रिक सांध्यात माल न घालता वाळू-फायर क्लेच्या पातळ गादीवर कोरड्या बसवाव्यात. मातीचा घुमट पुढे पाडला, तरी त्याच ओट्यावर, त्याच तळावर विटेचा चढतो.