एकट्यानं रामेन खायचं तर इचिरान की इप्पुडो?

दोन्ही रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्सच्या दुकानांच्या साखळ्या, मूळच्या जपानमधल्या फुकुओका शहराच्या. दोन्हींचा जीव टोनकोत्सुमध्ये, म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेल्या दुधाळ रश्श्यात, आणि नूडल्सही दोन्हीकडे बारीक नि सरळ. चवीवरून वाद घालणारे घालतात, पण एकट्या माणसाला खरा फरक पडतो तो बसण्याच्या सोयीचा.

इप्पुडोचं पहिलं दुकान १९८५ साली फुकुओकातल्या दाइम्यो भागात निघालं. तेव्हा रामेनचं दुकान म्हटलं की उग्र वास, कळकट जागा आणि आत बहुतेक पुरुष, असं चित्र असायचं. एकटी बाईही बिनधास्त आत येऊ शकेल असं दुकान काढायचं, हे संस्थापक शिगेमी कावाहारा यांच्या मनात होतं. त्यामुळे तिथलं लाकूडकाम, उजेड आणि मोकळेपणा या गोष्टी नुसत्या सजावटीसाठी नाहीत. आत शिरताच सगळे मोठ्यानं स्वागत करतात. काउंटरवर बसलात तर स्वयंपाक्यांचे हात दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं शिरोमारू, म्हणजे साधं टोनकोत्सु रामेन घ्यावं, मसालेदार मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि लसणाचं तेल घातलेलं आकामारू नंतर. एका घासाचे ग्योझाही (मोमोसारखे) मिळतात. इचिरानमध्ये ते मिळत नाहीत.

इचिरान अगदी दुसऱ्या टोकाला. मशीनमधून तिकीट काढायचं, दिव्यांच्या फलकावर रिकामी जागा बघायची आणि दोन्ही बाजूंना फळ्या असलेल्या अरुंद कप्प्यात जाऊन बसायचं. पाण्याचा नळ जागेवरच. एक कागद भरून द्यायचा: रस्सा किती दाट, तेल किती, लसूण, कांद्याची पात, चाशू (डुकराच्या मांसाचे काप), लाल तिखट, नूडल्स किती कडक. आपल्या जिभेला लाल तिखटाचं मूळ प्रमाण मिळमिळीत लागतं, मी दुप्पट घेतो. उकडलेलं अंडं मागवलं तर ते कवचासकट येतं, सोलायचं आपण. मग समोरच्या फटीतून दोन हात वाडगा ठेवतात, पलीकडचा माणूस वाकून नमस्कार करतो आणि बांबूचा पडदा खाली येतो. त्यानंतर जेवण संपेपर्यंत तुमच्याकडे बघणारं कुणी नाही.

काहींचा जीव तिथं घुसमटतो, आणि ते मी समजू शकतो. माझा निर्णय मात्र काएदामावर झाला.

काएदामा म्हणजे उरलेल्या रश्श्यात घालायला मागवलेले जादा नूडल्स. ही पद्धत फुकुओकाच्या नागाहामा मासळीबाजाराकडची. तिथल्या माणसांना वेळ नसायचा, म्हणून पटकन शिजणारे बारीक नूडल्स आले. असे नूडल्स रश्श्यात लगेच मऊ पडतात, म्हणून एकदम जास्त न वाढता थोडे थोडे द्यायचे. म्हणजे यात सगळा खेळ वेळेचा. वाडग्यात दोन-तीन घास उरले असतानाच मागवायचं, नाहीतर नवे नूडल्स येईपर्यंत रस्सा निवतो.

उघड्या काउंटरवर मला हेच जमत नाही. फुकुओकातल्या हाकाता स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानात (नाव नको) मी हात वर करून बसलो होतो. आतली माणसं एकमेकांना ऑर्डरी ओरडून सांगत होती, आणि माझं ‘सुमिमासेन’ (‘जरा ऐकता का’) त्या गलक्यात विरून जात होतं. पंगतीत वाढपी पुढं निघून गेल्यावर वाटतं, तसं वाटलं. नूडल्स आले तेव्हा रस्सा कोमट झाला होता, वर तेलाचे थेंब गोठायला लागले होते. चूक कुणाची नव्हती. सोबत कुणी असतं तर गप्पांत वेळ गेला असता आणि हाकही दोघांनी मारली असती. एकट्याला मात्र तेवढा वेळ वाडग्याकडे बघत बसावं लागतं.

इचिरानमध्ये चॉपस्टिक्सच्या पाकिटावर खूण करून बटण दाबलं की पडदा वर जातो. बोलावं लागत नाही, जपानी यावी लागत नाही, आणि नूडल्स येतात तेव्हा रस्सा अजून गरम असतो. माझ्यासाठी पारडं इथंच झुकलं, बाकी मुद्दे त्यानंतरचे.

इप्पुडोला कमी लेखायचा हेतू नाही. आवाज खणखणीत असेल, थोडी जपानी येत असेल किंवा शेजारच्याशी दोन शब्द बोलायला आवडत असेल, तर तुम्हाला कदाचित तेच जास्त भावेल. दोघं असाल तर मीही तिकडेच नेईन. इचिरानच्या मधल्या फळ्या बऱ्याच ठिकाणी दुमडता येतात, पण तिथं गप्पा रंगत नाहीत.

डुकराचं मांस चालत नसेल तर तोक्योतल्या निशी-शिंजुकूला इचिरानची पोर्कविरहित शाखा आहे. पूर्ण शाकाहारी असाल तर या दोन्हींच्या वाटेला न जाता तोक्यो स्टेशनातलं ‘टीज तानतान’ हे शाकाहारी रामेनचं दुकान गाठा.

तोक्योतल्या शिबुया आणि ओसाकातल्या दोतोनबोरीच्या इचिरानला पर्यटकांची रांग असते. बऱ्याच शाखा चोवीस तास उघड्या असतात, त्यामुळे रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे जा. आणि काएदामा घ्यायचा बेत असेल तर पहिल्या वाडग्यातला रस्सा पिऊन टाकू नका.