अलेक्स पीपीएल: चाचणीपेक्षा सराव मोलाचा

नोकरी आणि मुलंबाळं सांभाळून अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात पुन्हा नाव घातलं, की अनेक ठिकाणी आधी गणिताची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या वर्गात बसायचं ते ठरवणारी चाचणी, द्यावी लागते. त्यासाठी मॅकग्रा हिल या प्रकाशकाचं ‘अलेक्स पीपीएल’ हे ऑनलाइन चाचणी-सरावाचं साधन बरंच चालतं. जास्तीत जास्त ३० प्रश्न, गुण ० ते १००. बहुतेक उत्तरं स्वतः टाइप करायची, त्यामुळे पर्याय बघून ठोकताळे बांधता येत नाहीत. कॅल्क्युलेटर लागेल तिथेच पडद्यावर दिसतो.

येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणून सरळ पुढे जावं. तुक्का लागला तर गुण फुगतात, वरच्या वर्गात जागा मिळते आणि तिसऱ्या आठवड्यात दमछाक होते. नेटवर उत्तरं शोधणाऱ्यांचीही तीच गत.

चाचणीनंतर मिळणारा सहा महिन्यांचा सराव हाच खरा माल. कच्चे विषय रंगीत चकतीत दिसतात, गणितं सोडवाल तशी चकती भरत जाते. मध्येच ‘नॉलेज चेक’, म्हणजे शिकलेलं आठवतं का याची फेरतपासणी, येतो आणि कमावलेले विषय काढूनही घेतो. लोक इथेच चिडतात, पण रविवारी एका बैठकीत चार तास उरकलेलं गुरुवारी आठवत नसेल तर त्यात यंत्राचा काय दोष? रोज अर्धा तास केलेलं जास्त टिकतं.

खरी खोट वेगळीच आहे. याला पायऱ्या दिसत नाहीत. −३² चं उत्तर −९, (−३)² चं ९. इथे चिन्ह चुकलं, तर कंसाचा अर्थच कळला नाही की नुसती घाई झाली, हे त्याला उमगत नाही. समजावणीही कोरडी, वाचूनच घ्यायची. म्हणून सराव कागदावर करावा आणि तीच वही कॉलेजच्या ट्युटोरिंग सेंटरमध्ये न्यावी. शिकवणाऱ्याला चूक चटकन सापडते. संध्याकाळी सेंटर उघडं असतं का, ते मात्र आधी विचारा. दिवसपाळी करणाऱ्यांची नेमकी तिथेच अडचण होते.

घरून कॅमेऱ्यासमोर चाचणी देताना मूल खोलीत आलं तरी संशयाची नोंद होऊ शकते. लहान मुलं असतील तर टेस्टिंग सेंटर बरं. फेरपरीक्षा किती, मध्ये किती थांबायचं आणि सरावाचे किती तास भरायचे, हे कॉलेज ठरवतं.

आणि चाचणी लागतेच का, तेही विचारा. कॅलिफोर्नियात २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर प्लेसमेंट मुख्यतः हायस्कूलच्या गुणांवरून होतं.