राजारामपुरीतील जेएमएफसी वर्ग: उत्तरलेखन उत्तम, वेळापत्रक वकिलांच्या गैरसोयीचे

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘जेएमएफसी’ म्हणतो, त्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या एका वर्गाच्या सायंकालीन तुकडीत मी सध्या शिकत आहे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वकिली सांभाळून ही परीक्षा देऊ पाहणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

दिवाणी कायद्याचे अध्यापन हे या वर्गाचे खरे बळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १४ शिकवताना सरांनी केवळ नियम वाचून दाखवले नाहीत, तर वाटपाच्या एका दाव्यातील वादपत्र (वादीचे म्हणणे) आणि कैफियत (प्रतिवादीचे उत्तर) हाती देऊन वादमुद्दे, म्हणजे न्यायालयाने निर्णय द्यायचे प्रश्न, काढायला लावले. मिळकत स्वकष्टार्जित असल्याचा बचाव प्रतिवादीने घेतला होता, आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ‘मिळकत वडिलोपार्जित आहे काय’ एवढेच लिहून कागद परत दिला. प्रत्येक कागदाच्या समासात सरांचा लाल शेरा होता: ‘कोणी शाबीत करायचे?’ शाबितीचा, म्हणजे सिद्ध करण्याचा, भार कोणावर, हे वादमुद्द्यातच दिसले पाहिजे, ही गोष्ट महाविद्यालयात इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितली जाते.

फौजदारी विषयांबाबत मात्र असे म्हणता येत नाही. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले असूनही सराव पुस्तिकेत जुनेच कलमांक छापलेले आहेत आणि नव्या कलमांची चिकटपट्टी काही पानांवरच लावलेली आहे. जुन्या पुरावा कायद्याचे शाबितीच्या भाराविषयीचे कलम १०१ आता साक्ष्य अधिनियमात १०४ झाले आहे, हे विद्यार्थ्याने स्वतःच शोधायचे असेल, तर पुस्तिकेचे वेगळे पैसे कशासाठी घ्यावेत? पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही.

माझा मुख्य आक्षेप वेळापत्रकावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली, तरीही वर्गाच्या फलकावर ‘पदवी मिळताच न्यायाधीश’ ही ओळ अजून झळकते आहे, आणि पूर्ण अभ्यासक्रम केवळ दुपारच्या तुकडीलाच शिकवला जातो. दुपारी जो वर्गात बसेल, तो साक्षीदाराचा उलटतपास कधी पाहणार? सायंकाळच्या तुकडीला निम्मेच विषय मिळतात, आणि बावड्याहून बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, संपवून निघालेल्या ज्युनिअरचा पहिला तास तर बहुधा बुडतोच. ऑगस्ट २०२५ मध्ये भाऊसिंगजी रोडवर मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यापासून आमच्या सीनिअरांकडचे काम वाढले आहे. वर्गचालकांनी याची दखल घ्यायला हवी होती.

पदाच्या पुढील वाटचालीवर एक स्वतंत्र सत्र झाले. अमेरिकेत फेडरल डिस्ट्रिक्ट जज नेमताना परीक्षा नसते, राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देते आणि नेमणूक तहहयात असते, ही माहिती रंजक असली तरी तिच्यावर अर्धा तास गेला. उलट कनिष्ठ स्तरावरून वरिष्ठ स्तर आणि पुढे जिल्हा न्यायाधीश हा आपला मार्ग, त्यातील सेवेतील न्यायाधीशांच्या बढतीसाठीच्या मर्यादित स्पर्धा परीक्षेचा वाटा त्याच मे महिन्यातील निकालाने १० वरून २५ टक्के केला ही महत्त्वाची बाब, आणि सेवेतील न्यायाधीशांनाही जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीची वाट मोकळी करणारा ९ ऑक्टोबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निर्णय शेवटच्या दहा मिनिटांत गुंडाळला गेला. सुरुवातीचे मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे, हे मात्र दोनदा सांगण्यात आले.

मुलाखतीची तयारी बेताची आहे. अभ्यासिका स्वच्छ आणि शांत आहे.

सनद घेऊन न्यायालयात रुळलेल्यांनी पूर्ण अभ्यासक्रमाऐवजी फक्त दिवाणी उत्तरलेखन आणि मुख्य परीक्षेची टेस्ट सिरीज घ्यावी. विचारल्यास ती स्वतंत्रपणे मिळते, मात्र माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही. शुल्क एकरकमी भरण्याचा आग्रह होतो, म्हणून पावती घेण्यापूर्वी तुकडी बदलण्याची मुभा लेखी मागून घ्यावी.