खोरं किती पेलेल: ताळेबंद मांडावा की नदी मोजावी?

पाणलोट समितीपुढे दोन वाटा असतात. एक, पाण्याचा ताळेबंद. दुसरी, प्रत्यक्ष नदीचं मोजमाप.

ताळेबंद आठवड्यात होतो. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. १००० हेक्टरवर ८०० मिलिमीटर पडला तर ८० लाख घनमीटर. पण या आकड्यानं हुरळू नये. मुरलेलं किती, ते विहिरी सांगतात. मे अखेर आणि ऑक्टोबरच्या पातळीत सरासरी ४ मीटरचा फरक असेल आणि काळ्या खडकातून आकारमानाच्या २ टक्के पाणी निथळतं असं धरलं, तर हाती उरतात ८ लाख. हेक्टरी ३००० घनमीटर घेणारा गहू २०० हेक्टरवर पेरला की ६ लाख गेले. दोन पाळ्यांवर येणाऱ्या हरभऱ्याला हेक्टरी १२०० पुरतात.

चुकतं कुठे? मोटार चालू असताना पातळी मोजतात. रात्रभर उपसा बंद ठेवून सकाळी मोजावी. विदर्भातल्या पूर्णेकाठच्या गाळाच्या जमिनीतून जास्त पाणी निथळतं, तरी तिलाही २ टक्केच लावतात. शिवाय तिथल्या खारपाणपट्ट्यात पाणी दिसतं, पण ओलिताला चालत नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे या हिशेबात नदीच्या नावे खातंच नसतं. विहिरींकडून नाल्याकडे झिरपणारं पाणी आपण ‘शिल्लक’ समजून उपसतो आणि नाला जानेवारीतच आटतो.

नदी मोजायला वर्ष लागतं, खर्च मात्र थोडाच. सरळ १० मीटरचा पट्टा निवडा, संत्रं सोडा (ते जवळजवळ बुडून तरंगतं, म्हणून वारा त्याला ढकलत नाही), तीनदा वेळ घ्या. २५ सेकंद लागले, पात्र ३ मीटर रुंद आणि सरासरी २० सेंटिमीटर खोल असेल, तर वेगाला ०.८५ नं गुणून (वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात वाहतं, म्हणून) सेकंदाला सुमारे २०० लिटर. दर पंधरवड्याला हेच करा. दगडही उलटून पाहा: नुसत्या लाल अळ्याच असतील तर प्राणवायू कमी. वैनगंगेसारख्या वाळूच्या पात्रात वरचा प्रवाह थांबला तरी वाळूखालून पाणी सरकत असतं, तिथे झिरा खणून पातळी बघावी.

नदीसाठी सरासरी वार्षिक प्रवाहाच्या ३० टक्के राखण्याचा मत्स्यतज्ज्ञ टेनंट यांचा १९७६ चा ठोकताळा अमेरिकेतल्या नद्यांवरून आला. आपली सरासरी पावसाळ्यातच बनते, म्हणून वाटा महिन्यागणिक ठरवावा.

रब्बीचं पीक ठरवायचं असेल तर ताळेबंद पुरे. नवा बंधारा, वाढीव उपसा किंवा गावाचं सांडपाणी नदीत सोडण्याचा विषय असेल, तर वर्षभराच्या नोंदींशिवाय ठराव घेऊ नये.